डॉग फ्लॉवरला कात्री कधी लावायची?

प्रश्न : आमच्या सांदवाडीत (परसात) यंदा पहिल्यांदाच डॉग फ्लॉवर, म्हणजे स्नॅपड्रॅगन लावले आहे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांच्या दिवसांत गोंदियाहून रोपे आणली होती. छान वाढली, आणि आता जानेवारीच्या सुरुवातीला पहिले दांडे फुलून संपत आले आहेत. माझी मुलगी बर्मिंगहॅमला असते. तीही हीच फुलझाडे लावते. ती म्हणते, "आई, थंडीत झाडाला हात लावू नको. थंडी सरली की मार्चअखेर छाट. झाड बुडातून पुन्हा फुटतं आणि दोन-तीन वर्षं टिकतं." पण आमच्याकडे मार्चअखेर ऊन चटके देऊ लागते. मग छाटणी नेमकी कधी करावी? आणि हे झाड पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगवता येईल का?
— एक वाचक भगिनी, कामठा (जि. गोंदिया)

उत्तर : मुलीचा सल्ला बर्मिंगहॅमसाठी अगदी योग्य आहे. कामठ्यात मात्र तो पाळला तर झाड हातचे जाईल. तुमच्याकडे मुख्य छाटणी मकर संक्रांतीच्या सुमारास करावी, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर मोठी छाटणी करू नये. झाड पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगवण्याबद्दल सांगायचे तर कुंडीतले एखादे झाड जगू शकते, वाफ्यातली झाडे बहुधा नाही. त्यापेक्षा बी धरावे. हे झाले थोडक्यात उत्तर. पण कारण कळले की दरवर्षी तारीख कुणाला विचारावी लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकच झाड, दोन हिवाळे

हे झाड मूळचे नैऋत्य युरोपातले, भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशातले. तिथे ते खडकांच्या फटींत आणि जुन्या दगडी भिंतींवर आपोआप उगवते. त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे झाडाला दोन गोष्टी मनापासून आवडतात : थंड रात्री, आणि पाणी झरझर निचरून जाणारी जमीन. मुळात ते बहुवर्षायू आहे, म्हणजे अनुकूल जागी काही वर्षे जगते. आपण त्याला हंगामी फुलझाड म्हणतो ते आपल्या हवामानामुळे.

बर्मिंगहॅममध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ घुटमळतो आणि वरचेवर दहिवर गोठते. दिवसही जेमतेम पावणेआठ तासांचा. एवढ्या थंडीत आणि एवढ्या कमी उजेडात झाड वाढ थांबवते आणि नुसते तग धरून राहते. अशा वेळी छाटले तर जखमेखालून कोवळे फुटवे येऊ पाहतात आणि पुढच्याच गोठणाऱ्या रात्री काळे पडतात. वरचे जुने दांडे ठेवले तर बुडाच्या डोळ्यांना थोडा आडोसा मिळतो. म्हणून तिकडचे माळी वसंताची वाट पाहतात, बुडाशी नवे हिरवे कोंब दिसले की त्यांच्या जरा वर छाटतात, आणि झाड पुढच्या सौम्य उन्हाळ्यात फुलते. तिथे जुलैत दुपारचे तापमान सरासरी विशीच्या आसपास असते, हे लक्षात घ्या.

आता कामठ्याकडे पाहू. विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गोंदियाचे नाव हिवाळ्यात वारंवार येते. थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खाली जातो. आपल्याला हुडहुडी भरते, पण डॉग फ्लॉवरला त्या तापमानात काहीही इजा होत नाही. थंडीला सरावलेले झाड शून्याच्या खालचे एक-दोन अंशही सोसते. उलट, थंड रात्र आणि स्वच्छ उन्हाचा दिवस ही जोडी त्याच्या फुलांना रंग आणि दांड्याला ताकद देते. शिवाय तुमच्याकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांचा असतो. म्हणजे झाड थंडीत थांबतच नाही, ते वाढत आणि फुलत राहते.

त्याचा खरा शत्रू पुढे आहे. मार्चच्या मध्यापासून ऊन तापू लागते, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि जूनपासून धो धो पाऊस. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणूनच तर तो धानाचा आणि तलावांचा जिल्हा आहे. पण हिवाळी पावसाच्या आणि कोरड्या उन्हाळ्याच्या देशातून आलेल्या या झाडासाठी हे सगळे चक्र उलटे आहे.

तेव्हा आपला नियम असा : तिकडे छाटणीची तारीख मागे सरणाऱ्या थंडीवरून ठरते, आपल्याकडे ती पुढून येणाऱ्या उन्हाळ्यावरून ठरवायची. छाटल्यावर नवे दांडे फुलायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या थंड रात्री शिल्लक असतील तरच कात्री उचलावी. कामठ्यात सुखद रात्री साधारण मार्चच्या मध्यापर्यंत मिळतात. तिथून आठ आठवडे मागे मोजा. बरोबर संक्रांत येते.

छाटल्यावर झाडात काय घडते

वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खोडातून खाली उतरते आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवते. त्यामुळे झाड सरळ वर जाते आणि बगलेतले डोळे झोपून राहतात. थिमन आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात घेवडावर्गीय रोपांवर प्रयोग करून हे दाखवले. शेंडा कापला की फुटवे येतात, पण कापलेल्या जागी ऑक्सिन लावले तर ते दबूनच राहतात. कात्री लावून आपण हाच दाब काढून घेतो.

दुसरी गोष्ट बियांची. डॉग फ्लॉवरचा दांडा खालून वर फुलत जातो. टोकाला कळ्या उमलत असतात तेव्हा खालच्या फुलांच्या जागी हिरव्या बोंड्या धरलेल्या असतात. एकेका बोंडीत शेकडो बारीक बिया. त्या पोसायला लागल्या की झाडाची शिदोरी तिकडे जाते आणि नवी फुले आटतात. दांडा वेळेवर काढला की झाड पुन्हा फुलांच्या कामाला लागते.

कामठ्यासाठी कात्रीचे वेळापत्रक

*पहिली वेळ, नोव्हेंबर : शेंडा खुडणे.* रोप लावून आठ-दहा दिवस झाले, ते वीतभराच्या आत असताना, खाली पानांच्या तीन-चार जोड्या ठेवून वरचा शेंडा नखाने खुडावा. एका दांड्याऐवजी चार-पाच दांडे येतात. बहर मात्र दोन-तीन आठवडे लांबतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. अशा ठरावीक तारखेला फुले हवी असतील तर हे आठवडे आधीच हिशेबात धरावे लागतात. वीतभरच वाढणाऱ्या बुटक्या जाती आपोआप फुटतात, त्यांचा शेंडा खुडला नाही तरी चालतो. ही वेळ तुमची यंदा गेली आहे, पुढच्या वर्षी आठवणीने करा.

*दुसरी वेळ, डिसेंबरपासून पुढे : संपलेले दांडे काढणे.* दांड्यावरची दोन-तृतीयांश फुले सुकली की टोकाच्या चार कळ्यांचा मोह सोडावा. त्या लहानच उमलतात. दांडा जिथे संपतो तिथे न कापता, खाली जिथे बगलेतून जोमदार फुटवा निघालेला दिसतो, त्याच्या किंवा पानांच्या जोडीच्या जरा वर कापावे. नुसती सुकलेली फुले ओढून काढल्याने उपयोग होत नाही. पाकळ्यांचा नळा हातात येतो आणि बोंडी झाडावरच राहते.

*तिसरी वेळ, संक्रांत ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा : मुख्य छाटणी.* तुमचे पहिले दांडे आत्ता संपत आलेत, म्हणजे तुम्ही नेमक्या वेळी विचारले आहे. झाडाची उंची एक-तृतीयांश ते निम्मी कमी करावी. प्रत्येक फांदीवर हिरव्या पानांच्या चार-पाच जोड्या राहिल्याच पाहिजेत. खाली खोड तपकिरी, कडक आणि पानाविना झालेले असते. तिथपर्यंत कापले तर झाड बहुधा फुटत नाही.

सगळा वाफा एकाच दिवशी छाटू नका. संक्रांतीला निम्मी झाडे छाटा आणि उरलेली पंधरा दिवसांनी. पहिली तुकडी फेब्रुवारीच्या अखेरीपासून फुलते, दुसरी मार्चमध्ये होळीच्या सुमारास, आणि मधले पंधरा दिवस न छाटलेल्या झाडांवर फुले राहतात. अंगण फार दिवस ओकेबोके दिसत नाही.

*त्यानंतर : मोठी छाटणी नाही.* मार्चमध्ये छाटलेल्या झाडाला फुटवे आले तरी ते उन्हात कोमेजतात आणि दांडे आखूड, विरळ फुलांचे निघतात. होळीनंतर कात्री फक्त रोगट पाने काढायला आणि बी गोळा करायला.

छाटणी करताना आणि नंतर

कात्री धारदार हवी. भाजीची बोथट सुरी देठ चेचते आणि चेचलेल्या जागी बुरशी शिरते. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. छाटणी सकाळी दव सुकल्यावर करा, म्हणजे जखम दिवसभरात कोरडी होते. ढगाळ, पावसाळी हवा असेल तर थांबा. पूर्व विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी सरी येतात, त्या दिवसांत नको.

छाटलेल्या झाडाभोवती हलकी खुरपणी करून ओंजळभर गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत मिसळा. युरिया टाकू नका. त्याने पाला माजतो, दांडे लुसलुशीत होऊन लोळतात आणि मावा येतो. पाणी बुडाशी द्या, पानांवर नको, आणि तेही सकाळी. मार्च जवळ येऊ लागला की वाफ्यावर धानाच्या तणसाचा पातळ थर पसरा. मुळे थंड राहतात आणि पाण्याची बचत होते. तणस खोडाला टेकवू नका, बोटभर अंतर ठेवा.

छाटणीच्या निमित्ताने पानांची खालची बाजू उलटून पाहा. तिथे तपकिरी भुकटीचे ठिपके, वर त्याच जागी पिवळे डाग असतील, तर तो तांबेरा. या झाडाचा जगभरातला हा सर्वांत त्रासदायक रोग. अशी पाने आणि फांद्या लगेच काढून जाळा किंवा दूर पुरा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. झाडांत एक वीत अंतर आणि वारा खेळता ठेवला तर तो फारसा पसरत नाही. मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा मारा. नंतरही राहिला तर निंबोळी अर्क. फार पसरलेल्या रोगासाठी हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवून सल्ला घ्यावा. अंदाजाने औषध मारण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

छाटणीत निघालेले चांगले दांडे फेकू नका. खालची पाने काढून पाण्यात ठेवले तर आठवडाभर टिकतात. ते उभेच ठेवा. आडवे ठेवले तर टोके काही तासांत वर वळतात आणि दांडा वाकडा होतो. आणि फुलदाणी पिकत्या केळ्यांजवळ नको, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ही फुले लवकर गळतात.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगेल का?

वाफ्यातले झाड जगवण्याचा हट्ट धरू नये, असेच मी सांगेन. मे महिन्याचे ऊन सावलीत एक वेळ निभावते, खरा घात पावसाळा करतो. तुमच्याकडची कन्हारसारखी भारी माती धानासाठी उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते. डॉग फ्लॉवरच्या मुळांना तेच सोसत नाही. उन्हाळ्याने आधीच थकलेल्या झाडाची मुळे जुलैच्या पाण्यात कुजतात.

तरीही एखाद्या खास रंगाचे झाड राखायचे असेल तर ते सुरुवातीपासून कुंडीत वाढवा. माती, रेती आणि शेणखत समप्रमाणात घ्या, भोके मोकळी ठेवा. मार्चच्या मध्यात झाड हलकेच आवरून घ्या : फुले आणि बोंड्या काढा, पाने मात्र राखा. कुंडी पूर्वेकडच्या ओसरीत ठेवा, सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन पुरे. खत बंद. पाणी वरची माती सुकल्यावरच. पावसाळ्यात छपराखाली, वाऱ्यात. ऑक्टोबरात पाऊस सरला की मेलेल्या फांद्या काढून, बुडाच्या नव्या कोंबांच्या वर छाटा. म्हणजे मुलीने सांगितलेली "झोपेनंतरची छाटणी" आपल्याकडेही आहे, फक्त ती मार्चमध्ये नव्हे, ऑक्टोबरात. आपल्याकडे झाड झोपते ते उन्हाळ्या-पावसाळ्यात. अशी जगलेली झाडे पहिल्या वर्षाइतकी भरघोस नसतात, पण नोव्हेंबरातच फुलू लागतात.

बी धरण्याचा मार्ग

फेब्रुवारीत दोन-चार निरोगी, उत्तम दांडे निवडून त्यांना दोरा बांधा आणि ते छाटू नका. बोंड्या तपकिरी होऊन त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे पडली की दांडा कागदी पिशवीत उलटा धरून झटका. छिद्रे पडलेली वाळकी बोंडी हुबेहूब छोट्या कवटीसारखी दिसते. मुलांना जरूर दाखवा. बी काळे आणि अतिशय बारीक, एका ग्रॅममध्ये काही हजार. ते सावलीत आठवडाभर वाळवून काचेच्या बाटलीत भरा. पावसाळी दमट हवेपासून वाचवण्यासाठी बाटलीच्या तळाशी भाजून कोरडा केलेला, थंड झालेला मूठभर तांदूळ ठेवून वर कागदाच्या पुडीत बी ठेवा आणि झाकण घट्ट लावा.

सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी, पाऊस ओसरत असताना, ट्रेमध्ये ओल्या मिश्रणावर बी नुसते पसरा. वरून माती घालू नका, कारण याला उगवायला उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानेच. आठ ते चौदा दिवसांत उगवते, पाच-सहा आठवड्यांत रोप लावणीला येते. लावणी वीतभर उंच गादीवाफ्यावर करा, रेती मिसळून.

एक मात्र सांगून ठेवतो : रंग बदलतील. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात अपूर्ण प्रभुत्वाचे उदाहरण म्हणून हेच फूल दिलेले आहे. लाल आणि पांढऱ्याचा संकर गुलाबी, आणि त्या गुलाबीच्या बियांतून पुन्हा सरासरी एक चतुर्थांश लाल, निम्मी गुलाबी आणि एक चतुर्थांश पांढरी झाडे. नर्सरीतली बरीच रोपे संकरित बियांची असतात, शिवाय या फुलाचे मिटलेले ओठ उघडू शकणाऱ्या दणकट मधमाश्या आणि भुंगे एका रंगाचे पराग दुसऱ्यावर नेतात. पुढच्या पिढीत उंचीही कमी-जास्त होईल. एकसारखा वाफा हवा असेल तर नवे बी विकत घ्यावे. पण घरच्या बियांतून कोणता रंग उमलेल याची वाट पाहण्यात फार मोठा आनंद आहे, आणि जर्मनीतल्या एर्विन बाउर यांच्यासारख्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनुवंशिकतेचे कितीतरी धडे याच झाडाच्या पिढ्या मोजून शिकून घेतले.

इतर गावांच्या वाचकांसाठी

हाच हिशेब आपापल्या गावाला लावता येईल. पुणे-नाशिककडे रात्री थोड्या अधिक काळ थंड राहतात, तिथे मुख्य छाटणी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालते. महाबळेश्वर किंवा चिखलदऱ्यासारख्या उंचावर उन्हाळा सौम्य असल्याने फेब्रुवारीअखेर छाटलेले झाडही चांगले फुलते. कोकणात आणि गोव्यात रात्री फारशा थंड होतच नाहीत, म्हणून तिथे मोठी छाटणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच उरकावी, किंवा फक्त दांडे काढत राहावे. आणि परदेशी थंड मुलखात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी तुमच्या मुलीप्रमाणेच वसंताची वाट पाहावी.

ताई, शेवटी एक विनंती. पहिले फूल, छाटणी, नवे दांडे आणि शेवटचे फूल, या चार तारखा यंदा वहीत नोंदवा. बागकामाची बहुतेक पुस्तके पुण्या-मुंबईची किंवा परदेशातली तारीख सांगतात, कामठ्याची नाही. दोन-तीन हिवाळ्यांच्या नोंदी झाल्या की तुमच्या गावात हे झाड लावणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा उपयोग होईल. त्या आम्हालाही जरूर कळवा, इथे छापू.